कवटीवरची खूण : घाव की आजार?

माणसाच्या कवटीवर खळगा, भोक किंवा खडबडीत जागा दिसली की आपले मन आधी एकच प्रश्न विचारते : याला कोणी मारले? हा प्रश्न पोलीस पाटलाला पडतो, वकिलाला पडतो आणि उत्खननात वाकून माती झटकणाऱ्या अभ्यासकालाही पडतो. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : हा माणूस आजारी होता का? या दोन प्रश्नांची अदलाबदल झाली की काय होते, हे इतिहासात पाहत जावे आणि मग आजच्या भंडाऱ्यापर्यंत यावे, हा या लेखाचा हेतू आहे. मी वैद्य नाही आणि पुरातत्त्वाची पदवीही माझ्यापाशी नाही. जिल्ह्याच्या इतिहासाची कागदपत्रे आणि उत्खननांचे अहवाल वाचत आलेला मी एक वाचक आहे. पण हाडांविषयीचे लेखन वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. ज्या खुणेने गेल्या शतकात इतिहासकारांना चकवले, तीच खूण आज आपल्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांत, सीटी स्कॅनच्या काळ्या फिल्मवर, रोज दिसू शकते.

दोन चुकलेले खून

पहिले उदाहरण मोहेंजोदडोचे. तिथल्या घरांत, गल्ल्यांत आणि एका जिन्यावर विस्कळीत पडलेले सांगाडे सापडले होते. काही कवट्यांवर वार झाल्याची नोंद होती. १९४६ च्या हडप्पा उत्खननानंतर मॉर्टिमर व्हीलर यांनी या सांगाड्यांचा धागा ऋग्वेदातल्या पुरंदराशी जोडला आणि नगरांच्या नाशाचा आरोप इंद्रावर ठेवला. पुढची काही दशके शाळेच्या पुस्तकांपर्यंत हे चित्र पोचले : घोड्यांवरून आलेले आक्रमक, पळणारे नागरिक, शेवटची कत्तल. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवले की हे सांगाडे एकाच थरातले आणि एकाच काळातले नाहीत. त्यानंतर केनेथ केनेडी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने मूळ हाडेच पुन्हा तपासली. मृत्यूशी जोडता येतील अशा जखमा जेमतेम एक-दोन कवट्यांवर निघाल्या. एक घाव तर माणूस मरण्यापूर्वीच भरून आला होता. म्हणजे तो माणूस मार खाऊन जगला होता. केनेडींना तिथे तलवारीपेक्षा आजाराच्या खुणा महत्त्वाच्या वाटल्या. रक्तक्षयाने सच्छिद्र झालेली कवटी त्यांनी नोंदवली आणि मलेरियाकडे बोट दाखवले.

दुसरे उदाहरण इजिप्तच्या तूतनखामेनचे. १९६८ मध्ये लिव्हरपूलच्या आर. जी. हॅरिसन यांनी थडग्यातच या तरुण राजाच्या ममीचे क्ष-किरण चित्र घेतले. कवटीच्या आत हाडाचा एक तुकडा सैल पडलेला दिसला. एवढ्या तुकड्यावर खुनाचे तर्क उभे राहिले, पुस्तके निघाली, चित्रपट झाले, संशयितांची नावेसुद्धा ठरली. जानेवारी २००५ मध्ये ममीचा सीटी स्कॅन झाला. डोक्यावर घाव घातल्याचा पुरावा मिळाला नाही. आतले तुकडे मृत्यूनंतर, ममी करताना किंवा १९२२ नंतरच्या हाताळणीत सुटलेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. क्ष-किरण चित्रात सगळी कवटी एकाच पानावर दाबली जाते, पुढचे आणि मागचे हाड एकमेकांवर येते. स्कॅनमध्ये तीच कवटी पावाच्या कापांसारखी एकेक काप करून पाहता येते. एकाच माणसाच्या बाबतीत पाहण्याची पद्धत बदलली आणि खुनाचा खटला निकालात निघाला.

आमच्या परंपरेत डोके

सुश्रुतसंहितेतील शारीरस्थानात मर्मांची जी मांडणी आहे, तीत कवटीच्या पाच सांध्यांना ‘सीमंत’ म्हटले आहे. अधिपति हे टाळूजवळचे मर्म ‘सद्यःप्राणहर’, म्हणजे लगेच जीव घेणारे. सीमंत मात्र ‘कालांतरप्राणहर’. इथे लागले तर उन्माद, भय आणि चित्तनाश होऊन माणूस पंधरा दिवस ते महिन्याभरात जातो, असे संहिता सांगते. आजचा डॉक्टर हे वर्णन वाचून चकित होईल, कारण डोक्याच्या माराची खरी फसवणूक याच अवधीत आहे. मार लागल्यावर माणूस उठून बसतो, बोलतो, घरी जातो, जेवतो आणि नंतर ढासळतो. संहिताकारांना आतला रक्तस्राव दिसत नव्हता, पण काळाचा हा खेळ त्यांनी अचूक पाहिला होता.

आत उतरण्याची इच्छाही जुनी आहे. काश्मीरमधल्या बुर्झहोम येथे नवाश्मयुगातली, अनेक ठिकाणी भोके पाडलेली कवटी मिळाली आहे. पाली विनयातल्या महावग्गात जीवक वैद्याची कथा येते. राजगृहाच्या श्रेष्ठीचे सात वर्षांचे डोक्याचे दुखणे होते. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीचा सांधा उघडला, दोन किडे बाहेर काढून दाखवले आणि पुन्हा शिवून लेप लावला. कथा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण ती ज्या संघात सांगितली-ऐकली जात होती, त्या संघाचे एक मोठे केंद्र आमच्या जिल्ह्यात होते. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून भव्य स्तूप बाहेर आला. डोके उघडून आजार पाहता येतो, ही कल्पना तिथल्या भिक्षूंना अनोळखी नसणार, एवढे म्हणायला हरकत नाही.

कवटीचे वाईट वाचन

एकोणिसाव्या शतकात कवटी वाचण्याचा एक वेगळाच धंदा सुरू झाला. डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचे मस्तकसामुद्रिक युरोपात जोरात होते. १८३० च्या दशकात सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या हेन्री स्प्राय या लष्करी सर्जनने एडिंबरोच्या मस्तकसामुद्रिक मंडळाला पाठवल्या. तिथल्या अभ्यासकांनी त्या मापल्या. विध्वंसाचे ‘इंद्रिय’ अपेक्षेएवढे मोठे निघाले नाही. मग शास्त्र सोडायचे की निष्कर्ष? त्यांनी दोन्ही राखले आणि दोष ठगांच्या संस्कारांवर ढकलला. पुढे हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावली, आणि १९०१ च्या जनगणनेचे तेच आयुक्त होते.

या वाचनाला पहिला सज्जड तडा देणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. त्यांना दिलेला विषय होता मानवी कवटीची उजवी-डावी विषमता. फिशर यांची धारणा अशी की युरोपीय कवटी अधिक विषम असते आणि तिचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मापल्या. त्यांत वसाहतींतून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या कवट्याही होत्या. वंशानुसार असा फरक नाही, असा निष्कर्ष त्यांनी आपल्याच मार्गदर्शकासमोर ठेवला. हेच फिशर पुढे नाझी राजवटीतल्या वंशशास्त्राचे मोठे नाव झाले, हे लक्षात घेतले की त्या निष्कर्षाचे मोल कळते. ‘युगान्त’ची लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण कवटी समोर ठेवून तिला हवे ते बोलायला न लावण्याची शिस्त त्यांनी त्याआधी कितीतरी वर्षे दाखवली होती.

त्या १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेतल्या लांघणज येथील सांगाड्यांवर त्यांनी काम केले. याच संस्थेने १९६८ पासून सुमारे दीड दशक शिरूर तालुक्यातले इनामगाव खणले. घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसे, कुंभांत ठेवलेली मुले, घोट्याखाली पाय तोडलेले प्रौढ अशी दोनशेहून अधिक दफने मिळाली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांचा अभ्यास केला. इथे प्रश्न बदलला होता. ही माणसे कोणत्या वंशाची, हे मागे पडले. त्यांनी काय खाल्ले, किती उपास काढले, मुले का दगावली, हे पुढे आले. हाडांकडे जीवनाचा दाखला म्हणून पाहण्याची ही सवय महाराष्ट्रात रुजली ती अशी.

दोन पाटांमधला स्पंज

आता आजाराची खूण म्हणजे नेमके काय, ते पाहू. कवटीचे हाड सलग नसते. बाहेर एक टणक पाट, आत एक टणक पाट आणि मध्ये स्पंजासारखा जाळीदार थर, अशी तिची रचना आहे. मधल्या थरात रक्तपेशी तयार करणारी मज्जा असते. शरीरात तांबड्या पेशी लवकर मोडू लागल्या की मज्जेला जादा काम पडते. ती फुगते, मधला थर जाड होतो, बाहेरचा पाट पातळ पडतो आणि काही जणांत हाडाच्या काड्या काटकोनात उभ्या राहतात. क्ष-किरण चित्रात ते भीतीने उभ्या राहिलेल्या केसांसारखे दिसते. डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये रक्तक्षय आणि हाडांतले असे बदल यांची जोडी वर्णन केली. तो थॅलसेमिया. सिकलसेलमध्येही कवटी असे रूप घेऊ शकते.

पुरातत्त्वाच्या कवट्यांवर याचेच दुसरे रूप दिसते. डोक्याच्या वरच्या भागावर किंवा डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर बारीक भोकांची चाळण. बरीच वर्षे तिचे कारण लोहाची कमतरता असे धरले जात होते. २००९ मध्ये फिलिप वॉकर आणि सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. लोहाच्या अभावाने मज्जा अशी फुगू शकत नाही, पेशी मोडणारे रक्तक्षय किंवा जीवनसत्त्व ब-१२ चा अभाव ही कारणे अधिक संभवतात, असे त्यांचे म्हणणे. वाद संपलेला नाही. पण चाळण दिसली म्हणजे मार, असे कोणी आता म्हणत नाही.

भंडाऱ्याचे रक्त

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात लेहमन आणि कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत हा गुण शोधला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला, सोळंकी आणि परांडे यांनी मध्य भारतातल्या रुग्णांवरचा लेख ‘ब्लड’ या अमेरिकन नियतकालिकात छापला. तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर ही नावे त्यात कायम येतात.

इथे तो का टिकला? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून उत्तर दिले. ज्याला आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच हे जनुक मिळते, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. दोघांकडून मिळाले तर आजार होतो. मलेरियाच्या प्रदेशात जनुक म्हणूनच तगून राहते. आमचा जिल्हा तलावांचा, धानाचा आणि डासांचा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि गावोगावच्या बोड्या हे आमचे भूषण आहे. या तलावांनी सिकलसेल आणला, असे मात्र म्हणता येत नाही. तलाव काही शतकांचे आहेत, भारतातले हे जनुक त्याहून फार जुने आहे. जंगल, पाणी आणि ज्वर यांचे नाते तलावांआधीचेच होते.

आणि इथे जातीचा प्रश्न येतो. विदर्भातल्या तपासण्यांत हा आजार अनुसूचित जातींत, जमातींत आणि इतर मागासवर्गीयांत, अशा अनेक समाजांत सापडला आहे. तरीही तो ‘त्यांचा’ आजार म्हणून बोलला जातो. जनुकाला जात कळत नाही. जातीतल्या जातीत लग्ने लावण्याचा आपला नियम त्याला त्याच कुंपणात फिरवत ठेवतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक. पत्रिकेतले छत्तीस गुण पाहणाऱ्या घरांत रक्ताचा हा एक गुण पाहिला जात नाही. ज्या घरांत पाहिला जातो, तिथे तो बहुधा मुलीला नाकारण्यासाठी वापरला जातो. रिस्ले यांची नाकाची मोजपट्टी गेली, पण शरीरावरच्या खुणेवरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय मागे राहिली.

फिल्मच्या कडेला

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे डोके १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात तपासले गेले. १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. स्कॅनची भाषा त्यांच्याच नावाच्या अंकांत मोजतात. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, ताजे गोठलेले रक्त साधारण पन्नास ते ऐंशी, टणक हाड कित्येक शेकडे. म्हणून हाड पांढरेशुभ्र, ताजा रक्तस्राव उजळ, मेंदू करडा आणि पाणी काळपट दिसते. कवटी आणि मेंदूचे जाड आवरण यांच्यामध्ये साचलेले रक्त भिंगाच्या आकाराचे असते. आवरणाच्या आत साचलेले चंद्रकोरीसारखे पसरते. दिवस जातात तसे रक्त उजळाचे करडे आणि मग काळपट होत जाते. दोनतीन आठवड्यांनी ते मेंदूच्याच रंगाचे होऊन नवख्या नजरेला चकवते. सुश्रुताचे ‘कालांतर’ फिल्मवर असे रंग बदलताना दिसते.

मार लागलेल्या माणसाचा स्कॅन पाहताना सगळ्यांचे लक्ष मध्यभागी, मेंदूकडे असते. मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या शहरावरून जातो. हेल्मेटविना दुचाकीवरून पडलेल्या पोराचा जीव मिनिटांवर असतो, तेव्हा ते योग्यच आहे. पण कडेला जे पांढरे कडे दिसते, तेही वाचायचे असते.

समजा, धुऱ्यावरून दोन भावांत भांडण झाले, ढकलाढकली झाली. रात्री धाकट्याचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या. स्कॅनमध्ये कवटीखाली भिंगाच्या आकाराचे रक्त दिसले. सरळ अर्थ : मोठ्याने मारले. पण कातडीवर सूज नाही, हाडाला तडा नाही आणि कवटीचा मधला थर मात्र जाड आहे. सिकलसेलच्या रुग्णांत, हाडाचा रक्तपुरवठा तुटून, कोणताही मार नसताना असा रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत, पण आहेत. उलटही होऊ शकते. खरा मार असताना, “याला आजारच होता,” म्हणून आरोपी सुटू पाहील. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३२० ने हाड मोडणे ही गंभीर दुखापत ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही ते कायम आहे. मोडलेले हाड आणि आजाराने बदललेले हाड यांतला फरक एखाद्याची वर्षे तुरुंगात घालवू शकतो, किंवा एखाद्याला न्याय नाकारू शकतो. आणि उपचारातही फरक पडतो, कारण सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना, रक्त आणि पाणी देताना वेगळी काळजी घ्यावी लागते.

म्हणून विदर्भात तरी एक साधी रीत असावी, असे मला वाटते. डोक्याच्या स्कॅनच्या अहवालात कवटीच्या हाडाची स्थिती एका ओळीत नोंदावी, आणि मार लागलेल्या तरुण रुग्णाच्या रक्ताची सिकलसेलची चाचणी झाली आहे का, ते विचारावे. प्राथमिक चाचणी स्वस्त आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत त्याचे निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवले आहे. कार्डे वाटली जात आहेत. त्या कार्डाचा उपयोग अपघात विभागातही व्हावा.

इतिहासाच्या बाजूनेही एक काम शिल्लक आहे. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड ते थेट आमच्या जिल्ह्यापर्यंत विदर्भात महापाषाणी दफने पसरली आहेत. जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कर्नाक यांनी १८६७ मध्येच उकरली. लोखंडाची हत्यारे, घोड्यांचे तांब्याचे अलंकार यांवर भरपूर लिहिले गेले. माणसांची हाडे बहुधा तुकड्यांत मिळाली आणि मागे पडली. कवटीचा हाताएवढा तुकडा असला तरी त्याचा काप स्कॅनमध्ये पाहता येतो, मधला थर मोजता येतो, आणि तुकड्याला धक्काही लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या खोऱ्यात लोखंड घडवणाऱ्या माणसांच्या अंगात ज्वर किती होता आणि रक्त कसे होते, याचे थोडे तरी उत्तर त्या तुकड्यांत असेल. ते वाचणाऱ्याने मात्र इरावतीबाईंची शिस्त सोबत घ्यावी : आधी मोजावे, मग बोलावे, आणि हाड जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.